विसाव्यावर टेकलेली बाज

मित्रांनो, जुनी झाले तरी अजून चारही पाय शाबूत असलेली मी एक बाज आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी बाज पाहिलीसुद्धा नसेल. तुमच्या घरी पलंग असेल, दिवाण असेल, त्यावर फुलाफुलांची चादर असेल. माझं तसं काही नाही. बाभळीचे चार पाय, चार दांडे आणि मधे विणलेली दोरी, एवढीच मी. पण माझ्याएवढं फिरलेला एकही पलंग तुम्हांला सापडायचा नाही, हे मी छाती ठोकून सांगते. छाती नाही मला, पण सांगते.

वाटूर फाट्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. इथे चतुराबाईंच्या अंगणात मी आज भिंतीला टेकून उभी आहे. तेरा दिवसांपूर्वी चतुराबाई गेल्या. माझ्यावरच गेल्या. आणि ज्या बाजेवर माणूस जातं ती बाज घरात ठेवायची नाही, अशी आमच्या गावची रीत आहे. तेरवीची पंगत आत्ताच बसली आहे. ती उठली की माझं काय करायचं ते ठरेल. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू? म्हणून तोवर त्यांची आणि माझी गोष्ट सांगून टाकते.

माझं माहेर जाफराबादकडचं. चतुराबाईंचंही तेच. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी आल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांनी बांधावरची बाभूळ तोडली, सुताराकडून माझे पाय आणि दांडे करून घेतले आणि अंबाडीची दोरी स्वतः वळून मला विणलं. बाळंतिणीच्या पाठीला दोरीचा खड्डा पडू नये म्हणून त्यांनी तीनदा उसवून चौथ्यांदा विणलं. मी जरा त्रासलेच होते. पण आज कळतं, की त्या चौथ्या विणीवर मी आयुष्य काढलं.

विणून झाल्यावर त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. पायथ्याकडची दोरी दाखवली आणि म्हणाले, "हे बघ माय, बाज सैल पडणारच. सैल पडली म्हणून टाकायची न्हाई. पाय दांड्याला लावायचा अन् ओढायचं. हातानं न्हाई, पाठीनं." चतुराबाईंनी ओल्या बाळंतपणातच ओढून दाखवलं, आणि आईकडून बोलणी खाल्ली.

सव्वा महिन्यानंतर लेकरू मांडीवर आणि मी एसटीच्या टपावर, अशा आम्ही वाटूरला आलो. फाट्यावरच्या माणसांनी हसून घेतलं. चतुराबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. वीस-एकवीस वर्षांची सून ती. डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची नाही आणि तोंडचा आवाज वर जाऊ द्यायची नाही.

मांडीवरचं ते लेकरू म्हणजे बबलू. आता तो साठीकडे झुकला आहे, तरी बबलूच आहे.

मित्रांनो, तेव्हा आमच्या गावाला रस्ता नव्हता. काळी माती. पाऊस पडला की बैलगाडीसुद्धा रुतून बसायची, जीप तर फाट्यावरूनच हात जोडायची. कुणी आजारी पडलं की बाजेवर घालायचं, चौघांनी खांदा द्यायचा आणि फाटा गाठायचा, एवढाच इलाज होता. फाट्याला दोन वाटा जात. एक सरळ, ओढ्याच्या कडेने. दुसरी वळशाची, तलावाच्या बांधावरून. तिला तासभर जास्त लागायचा.

मग सरळ वाटेनेच का जात नसत, असं तुम्ही विचाराल. त्या वाटेवर हिवराचं एक झाड आहे आणि झाडाखाली सपाट दगड आहे. तो आमच्या गावचा विसावा. मेलेल्या माणसाला नेताना तिरडी तिथे क्षणभर खाली टेकवतात, खांदे बदलतात आणि पुढे जातात. जिवंत माणसाला बाजेवरून त्या दगडाजवळून न्यायचं नाही, असं गावाने कधीकाळी ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते मोडायचं कुणी, हेही माहीत नव्हतं.

चतुराबाईंची थोरली जाऊ कौसल्या. दोन दिवस ती बाळंतपणात अडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सुईणीने हात टेकले आणि मला बाहेर काढलं. चौघांनी मला उचललं. गावातले जाणते अप्पाराव काठी टेकत पुढे चालत होते. दोन वाटा फुटतात तिथे ते थांबले.

"वळसा घ्या," ते म्हणाले. "जित्या माणसाला विसाव्यापासून नेत नसतेत."

चौघेही निमूटपणे वळले. चतुराबाई माझ्या दांड्याला धरून चालत होत्या. त्यांचा हात कौसल्येच्या हातात होता. त्या हाताची पकड सैल होत चालली होती, ते त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. सरळ वाट डावीकडे दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली. बांधावर आल्यावर कौसल्येने डोळे उघडले.

"चतुरा, फाटा आला का गं?"

"आला, आला," चतुराबाई म्हणाल्या. फाटा आला नव्हता. कौसल्येने पुन्हा काही विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "आत्ताच गेली बघा जीप, धूळबी खाली बसली न्हाई." पण जीप असती तरी आता उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, ही बाज ओढ्यात टाकून द्या. चतुराबाई मला ओढ्यावर घेऊन गेल्या, पण टाकायला नाही, धुवायला. घासता घासता त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी बोलले न्हाई. समदं दिसत होतं, पण मी बोलले न्हाई." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ओढ्याच्या पाण्यात पडत होतं. घरी आल्यावर मला अंगणात ठेवून त्या पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्याने बोलल्या, "बाई बाजेवर न्हाई गेली. वळशात गेली. ही माझ्या माहेरची बाज हाय, मी टाकणार न्हाई." माहेरच्या वस्तूवर सासरचं कुणी हक्क सांगू शकत नव्हतं. म्हणून मी वाचले.

दोन वर्षं गेली. भाद्रपदाचे दिवस होते. चतुराबाईंना दुसऱ्यांदा दिवस भरले होते आणि या वेळी त्यांचंच काहीतरी अडलं. पुन्हा मी बाहेर निघाले. पुढच्या दोन पायांना त्यांचे यजमान बद्रीनाथ आणि अप्पारावांचा मुलगा सोमेश्वर, मागे बौद्धवाड्यातला राजानंद आणि एक चुलत दीर. सोबतीला शेजारची उषाबाई. आणि पुढे, काठी टेकत, अर्थातच अप्पाराव.

वाटा फुटल्या. अप्पारावांनी काठी उजवीकडे वळवली.

"सरळ चला," आवाज आला.

सगळे थबकले. आवाज माझ्यावरून आला होता.

"चतुरा, तुला कळत न्हाई. इसावा हाय तिकडं," अप्पाराव म्हणाले.

"ठाऊक हाय मामंजी. तुम्ही वळशानं या. मी सरळ चालले."

निजलेल्या बाईने 'मी चालले' म्हणावं याचं अप्पारावांना हसू आलं असतं, पण त्यांना राग आलेला होता. बद्रीनाथ हा दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस. त्याने त्या दिवसाचं पाचवंही वाक्य खर्च केलं नाही. नुसता सरळ वाटेला पाय टाकला. पुढचा एक पाय चालू लागला की बाकीच्या तिघांना चालावंच लागतं, हा बाजेचा गुणच आहे.

हिवराखाली आलो तशी चतुराबाईंनी माझी दोरी मुठीत घट्ट आवळली.

"ठेवा खाली."

"हितं?" सोमेश्वर माझा पाय खांद्यावरून उतरवेना. विशीतलं पोर ते.

"हितंच. आता फाट्यापर्यंत दम निघत न्हाई."

त्यांनी मला त्या सपाट दगडावर टेकवलं. पुरुष मंडळी पाठ फिरवून ओढ्याकडे बघत उभी राहिली. उषाबाईने आपल्या लुगड्याचा आडोसा केला. मित्रांनो, त्या दगडावर रडणं काही नवीन नव्हतं. सगळं गाव पिढ्यान् पिढ्या तिथे रडत आलं होतं. पण बाळाचं रडणं त्या दगडाने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगी झाली. मसणाचा धनी महादेव, त्याच्या दारात जन्मली म्हणून चतुराबाईंनी तिचं नाव शिवकन्या ठेवलं. पाचवीला गावातलं कुणी आलं नाही. एकटी उषाबाई आली, तीही मागल्या दाराने. चतुराबाई तिला म्हणाल्या, "पुढच्या दारानं ये. चोरी न्हाई केली आपण."

त्या दिवसापासून मी घरची बाज राहिले नाही, गावाची झाले. चतुराबाईंनी मला घरातून उचलून बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "ज्याच्या घरात माणूस तळमळून राह्यलंय, त्याला दार वाजवून मागायला लागू नये." दर बाजारच्या दिवशी वाटूरहून आल्यावर डोक्यावरची पाटी उतरवायच्या आणि पहिल्यांदा माझी दोरी ओढायच्या. पाय दांड्याला, जोर पाठीचा. मग पाणी प्यायच्या.

त्यांचे काही नियम होते. खांदा देणारे चौघे उंचीने सारखे पाहिजेत, नाहीतर आजारी माणूस एका बाजूला घसरतो. सुरुवातीला लोक घराणं बघून उभे राहायचे. एका बाजूला उंच, एका बाजूला बुटका. चतुराबाईंनी एकदा सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि हात धरधरून जागा बदलल्या. "खांदे उंचीनं जुळतेत, आडनावानं न्हाई," म्हणाल्या. त्यामुळे सोमेश्वर आणि राजानंद ही जोडी पुढे तीस वर्षं माझ्या पुढच्या पायांना राहिली. एकमेकांच्या घरी जेवायला जाऊ लागले ते नंतर.

दुसरा नियम म्हणजे वाटेत बोलत राहायचं. आजाराबद्दल एक अक्षर नाही. म्हातारीला पुरणाला डाळ किती घ्यायची ते विचारायचं, शेतकऱ्याशी बांधावरून भांडण काढायचं. चिडलेला माणूस डोळे मिटत नाही, असा त्यांचा अनुभव. आणि तिसरा नियम, सरळ वाटेनेच जायचं. विसाव्यावर बाज टेकवायची, आजाऱ्याला घोटभर पाणी पाजायचं, खांदे बदलायचे आणि निघायचं. पहिली काही वर्षं लोक कुरकुरले. पण त्या स्वतः दर खेपेला सोबत चालायच्या. त्यांच्यासमोर वळशाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

घरच्या लेकरांना हे सोपं नव्हतं, बरं का. एकदा बबलूला सणकून ताप भरला. तो माझ्यावर निजला होता. तेवढ्यात वस्तीवरच्या एका बाईला साप चावल्याचा निरोप आला. चतुराबाई एक क्षण लेकराकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला, की अजून आठवला तरी माझे दांडे करकरतात. मग त्यांनी बबलूला उचलून पाठीवर बांधलं, मला त्या बाईसाठी दिलं आणि फाट्यापर्यंत माझ्या शेजारून चालत आल्या. दोघांनाही एकाच जीपमध्ये घातलं. दोघेही वाचले. बबलू पुढे कित्येक वर्षं म्हणायचा, "माझी आई गावाची हाय, आमाला उरली तर मिळती." त्यात तक्रारही होती आणि अभिमानही होता. शाळेतून शिवकन्या रडत यायची. पोरं तिला 'इसाव्यावरची' म्हणून चिडवायची. चतुराबाई भाकरी थापता थापता सांगायच्या, "त्यांना म्हण, तुम्ही जिथं शेवटी टेकणार, तिथून मी सुरू झाले." पोरीने तसं म्हटलं. चिडवणं थांबलं नाही, पण पोरीचं रडणं थांबलं.

आता अप्पारावांची गंमत सांगते.

आमच्याकडे माणूस जायला लागलं की त्याला बाजेवरून खाली घेतात. जमिनीवर निजवतात, तोंडात तुळशीचं पाणी घालतात. जाणाऱ्याने भुईवरूनच जायचं असतं. अप्पाराव सत्तरीचे असताना एका हिवाळ्यात त्यांना छातीची कळ आली. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, खाली घ्या. घेतलं. गार भुई, माणूस थरथर कापतो आहे, आणि भोवती सगळे हात जोडून बसलेले. चतुराबाई आल्या. मनगट धरून बघितलं.

"नाडी चालू हाय अन् तुम्ही भुईवर कशाला टाकलंय?"

"वहिनी, येळ झाली आबाची," सोमेश्वर रडत म्हणाला.

"येळ झाली का न्हाई ते दवाखान्यात इचारू. सोमेश्वर, रड नंतर. पुढचा पाय धर."

अप्पारावांना माझ्यावर घातलं. सरळ वाट धरली. वाटेत चतुराबाई त्यांना ऐकवत होत्या, तुमच्या तुरीला पाणी कमी पडलंय, तुमचा बांध वाकडा आहे, तुमचा बैल मारका आहे. विसाव्यावर मला टेकवलं तेव्हा अप्पारावांनी डोळे उघडले. वर हिवराच्या फांद्या दिसल्या. त्यांना जागा बरोबर ओळखू आली.

"गेलो का गं मी?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"गेला असता तर मी कशाला बोलत बसले असते तुमच्याशी? पाणी प्या."

पंधरा दिवसांनी अप्पाराव एसटीतून उतरून आपल्या पायांनी गावात आले. माझा बैल मारका नाही, हे सांगायला आधी चतुराबाईंच्या घरी गेले आणि मग स्वतःच्या. पुढे अकरा वर्षं जगले. कौसल्येबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून हिवराखाली एक माठ दिसू लागला. रोज सकाळी तो भरलेला असायचा. कोण भरतं, असं कुणी विचारलं की अप्पाराव दुसरीकडे बघायचे.

मग रस्ता झाला. ओढ्यावर पूल झाला. फोन केला की रुग्णवाहिका दारात यायला लागली. चांगलंच झालं, मित्रांनो. माझं काम संपलं याचं वाईट वाटून घेणारी मी नाही. पण खरं सांगायचं तर थोडं वाटलं. मिरच्या वाळल्या माझ्यावर, कुरडया वाळल्या, शेळीचं करडू एका पायाला बांधलं गेलं. त्याने माझा पाय चाटून चाटून गुळगुळीत केला. बबलू जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला होता. त्याने आईसाठी कापसाच्या गादीचा दिवाण पाठवला. चतुराबाईंनी त्यावर पाहुणे बसवले आणि स्वतः माझ्यावरच निजत राहिल्या. बद्रीनाथ गेले, राजानंद गेला. चतुराबाई मात्र रुग्णवाहिकेतही आजाऱ्याच्या शेजारी बसायच्या आणि वाटभर त्याच्याशी भांडायच्या. ड्रायव्हर त्यांना आजी म्हणायचा. आणि दर बाजारच्या दिवशी, वापर असो की नसो, माझी दोरी ओढली जायची. हात थकले, पाठ वाकली, पण पाय दांड्याला लागायचाच. अंबाडीची दोरी त्यांनी तीनदा बदलली, पण वीण बापाचीच ठेवली. शेवटच्या खेपेला नायलॉनची घेतली. "भिजली तरी कुजत न्हाई," म्हणाल्या. जुन्याचं उगाच कौतुक त्यांना कधीच नव्हतं.

या माघात त्यांनी अंथरूण धरलं. दवाखाना झाला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शिवकन्या वडीगोद्रीहून आली. ती तिथे अंगणवाडी चालवते. एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. सगळं गाव अंगणात होतं. सोमेश्वर, आता त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणाले, "जल्दी करा, खाली घ्या वहिनीला."

बबलूने हात पुढे केले. चतुराबाईंनी माझ्या दोरीत बोटं अडकवली. कौसल्येच्या वेळी मी सैल होणारी पकड अनुभवली होती. ही पकड तशी नव्हती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "गार हाय भुई."

शिवकन्या भावाचा हात धरून म्हणाली, "राहू दे दादा." आणि चतुराबाई माझ्यावरून गेल्या. घाई न करता गेल्या. त्यांची बोटं दोरीतून सोडवायला बबलूला बराच वेळ लागला. मित्रांनो, मी लाकडाची आहे. पण त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

बघा, पंगत उठली. माणसं अंगणात आली.

सोमेश्वरतात्या माझ्यासमोर उभे आहेत. त्यांचे डोळे लाल आहेत. "बबलू, हिला इसाव्यावर नेऊन ठेवू," ते म्हणाले. "तिचं तिला पोचलं पाहिजे. न्हाईतर वहिनीचा जीव हिच्यातच अडकून राहील. मला बिलकुल बरं वाटून न्हाई राह्यलं, पण रीत हाय."

बबलू खाली बघतो आहे. तात्यांचं प्रेम खोटं नाही, हे मलाही कळतं आहे आणि त्यालाही. प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार कठीण असतं. कौसल्येच्या वेळचा अप्पारावांचा आवाजही काही दुष्ट नव्हता. जमलेल्यांतले दोघं पुढे आले. मला भिंतीपासून काढून अंगणात आडवं केलं. आता उचलणार.

तेवढ्यात शिवकन्या स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले. सरळ माझ्यावर आडवी झाली.

"अगं!" एकदम चारपाच आवाज उठले. मेलेल्याच्या बाजेवर निजतं का कुणी?

"मी हिच्यावरच जलमले, तात्या," ती आभाळाकडे बघत म्हणाली. "तुम्ही पुढचा पाय धरला व्हता. न्यायची तर मला घेऊन चला. सरळ वाटेनं न्या, इसाव्यावर टेकवा, पाणी पाजा अन् परत आणा. आई तेच करायची."

उषाबाई ओसरीवर बसली होती. ऐंशीची झाली आहे ती आता, कानाने कमी ऐकते, पण पाहायचं तेवढं तिने पाहिलं. काठी टेकत आली आणि माझ्या पायथ्याशी बसली. "माझे पाय दुखून राह्यलेत," तिने सगळ्यांना जाहीर केलं. तिच्या मागून कौसल्येची धाकटी बहीण आली. मग साप चावलेल्या त्या बाईची सून. मग आणखी दोघी. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, उठा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सहा बायका! मी मनातल्या मनात बापाच्या चौथ्या विणीला हाक मारली. तेरा दिवस माझी दोरी कुणी ओढली नव्हती. करकर आवाज झाला, मी मधोमध सैल पडले आणि सगळ्याजणी एकमेकींच्या अंगावर घसरल्या. उषाबाईला हसू आलं. तिचं बघून शिवकन्येला आलं. तेरा दिवसांत त्या अंगणात कुणी पहिल्यांदा हसत होतं.

सोमेश्वरतात्या माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या सैल पडलेल्या दोरीकडे. तीस वर्षं पुढचा पाय खांद्यावर घेतलेला माणूस तो. सैल दोरीवर आजारी माणसाची कंबर कशी दुखते, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"उठा गं जरा," ते पुटपुटले.

बायका उठल्या. शिवकन्याही उठली, पण एक हात तिने माझ्या दांड्यावरच ठेवला. तात्या पायथ्याशी आले, वाकले, दोरीचं टोक सोडलं. पाय दांड्याला लावला. सत्तरी ओलांडलेली पाठ ताठ केली आणि ओढलं. एक पेड, दुसरा पेड, तिसरा. शेवटच्या ओढीला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर टपकलं. त्यांनी गाठ मारली, तळहाताने मधोमध थाप मारून बघितली. दोरी ठण्ण वाजली.

"कुठं ठेवायची, तात्या?" बबलूने विचारलं.

"कुठं म्हंजी?" तात्या चिडूनच म्हणाले. "बाहीरच्या भिंतीला. कुणाला दार वाजवून मागायला लागू नये."

मित्रांनो, आता मी माझ्या जागेवर आहे. पाठीला भिंतीचं ऊन आहे. उद्या मला कुणी फाट्यापर्यंत नेईल की माझ्यावर नुसत्या मिरच्याच वाळतील, ते मला माहीत नाही. दोन्हीची माझी तयारी आहे. तुमच्या घरातही एखादं जुनं काहीतरी असेल, किंवा एखादं जुनं माणूस असेल, सैल पडलेलं, कोपऱ्यात टेकलेलं. त्याला टाकायला निघाला असाल, तर आधी एकदा पाय लावून दोरी ओढून बघा. हातानं नाही, पाठीनं.